एक सत्र, जोडण्या किती?

नागपूर–मुंबई केबल समृद्धी महामार्गाइतकी, म्हणजे ७०१ किलोमीटर धरा. डेटा पाठवून पोच परत यायला केबलमधल्या प्रकाशाच्या वेगानेही ७ मिलिसेकंद लागतात. तोवर टीसीपी जोडणी ६४ किलोबाइटच सोडत असेल, तर वेग सेकंदाला साडेनऊ मेगाबाइटच्या आतच. लाइन कितीही जाड असो. म्हणून लिनक्सच्या एनएफएसमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वापरण्याच्या पद्धतीत, २०१९पासून ‘एनकनेक्ट’ या पर्यायाने १६ पर्यंत जोडण्या उघडता येतात. नेटवर्कवरून डिस्क वापरायच्या आयस्कझीच्या २००४च्या मानकात एका सत्रात अनेक जोडण्यांची सोय होतीच. लिनक्सवाल्यांनी मात्र स्वतंत्र सत्रं मल्टिपाथने, म्हणजे एकाच डिस्ककडे जाणारे अनेक मार्ग एकत्र धरून, जोडणं पसंत केलं. मला तेच पटतं, कारण मल्टिपाथ फायबर चॅनेल या दुसऱ्या स्टोरेज नेटवर्कलाही चालतो. फक्त केबली वेगळ्या हव्यात. नागपूरच्या वर्धा रोडवरच्या डबलडेकर पुलावर वर मेट्रो, खाली गाड्या, पण खांब तेच. एकाच केबलमधल्या सोळा जोडण्यांचंही तसंच.