विणणे

विणणे : उभ्या धाग्यांतून आडवा धागा एकाआड एक वरखाली नेऊन वस्त्र तयार करणे, या अर्थाचे मराठी क्रियापद. उभ्या धाग्यांना ताणा व आडव्या धाग्यांना बाणा म्हणतात. हा मूळ अर्थ असला, तरी बाज, टोपली, चटई, मासे धरण्याचे जाळे, सुयांवरील लोकरी कपडे व पक्ष्याचे घरटे यांच्याही निर्मितीस मराठीत हेच क्रियापद चालते. इंग्रजीत माग व सुया यांवरील कामांना वेगवेगळी क्रियापदे आहेत. मराठीने मात्र साधनापेक्षा गुंतवणीच्या क्रियेला महत्त्व देऊन सर्वांसाठी एकच शब्द राखला आहे. विणण्याची रीत, तसेच विणलेल्या पोताचा घट्टपणा वा विरळपणा यास ‘वीण’ म्हणतात.

व्युत्पत्ती : संस्कृतात विणणे या अर्थी ‘वे’ (वयति) हा धातू आहे. पाली भाषेतील ‘विनाति’ हे रूप याच धातुपरिवारातील असून मराठी ‘विणणे’ अशाच मध्ययुगीन भारतीय रूपावरून आले आहे. हिंदी बिनना व बुनना, गुजराती वणवुं ही क्रियापदेही याच परिवारात गणली जातात. इंग्रजीतील ‘वीव्ह’ व ‘वेब’ या शब्दांचा धातू ‘ऊर्णवाभि’ (कोळी, शब्दशः लोकर विणणारा) या संस्कृत शब्दाच्या उत्तरपदाशी सजातीय आहे.

ऋग्वेदात तंतू (ताण्याचा धागा), ओतू (बाण्याचा धागा), तसर (धोटा) व मयूख (खुंटी) असे मागाचे शब्द आढळतात. दहाव्या मंडलातील एका सूक्तात यज्ञालाच विणलेल्या वस्त्राचे रूपक दिले आहे. म्हणजे या क्रियेचा लाक्षणिक उपयोग तिच्या उपलब्ध इतिहासाइतकाच जुना आहे. ‘तन्’ (ताणणे) या धातूपासून झालेल्या ‘तंत्र’ या शब्दाचा एक जुना अर्थ माग किंवा ताणा असा होता. पुढे त्यास व्यवस्था, शास्त्र, पद्धती हे अर्थ आले.

‘वे’ धातूचे भूतकालवाचक धातुसाधित ‘उत’ असे होते. त्यास ‘आ’ व ‘प्र’ हे उपसर्ग लागून ‘ओत’ व ‘प्रोत’ ही रूपे सिद्ध झाली. बृहदारण्यकोपनिषदात गार्गी याज्ञवल्क्यांना विचारते, की हे सर्व ज्यात ओतप्रोत आहे ते काय? तिचा प्रश्न विश्व कशावर विणले आहे, असा आहे. आधुनिक मराठीत ‘ओतप्रोत’ म्हणजे काठोकाठ भरलेले, असा अर्थ रूढ झाला. ‘ओतणे’ या निराळ्या क्रियापदाशी असलेले ध्वनिसाम्य त्यास साहाय्यक झाले असावे. विणीचा शब्द अशा रीतीने पाण्याचा शब्द बनला.

समरूप शब्द : विणीच्या हंगामातील ‘वीण’ या शब्दाचा विणण्याशी संबंध नाही. तो प्रसवणे या अर्थाच्या ‘विणे’ (व्याणे) या क्रियापदाचा असून त्याचे मूळ संस्कृत ‘विजायते’ या रूपात आहे. पक्षी याच काळात घरटे विणत असल्याने दोन्ही शब्द एकच वाटण्याचा संभव असतो. इंग्रजीतही असेच घडले आहे. कापड विणणे या अर्थाचे ‘वीव्ह’ हे प्राचीन इंग्रजी ‘वेफान’पासून आले, तर गर्दीतून नागमोडी वाट काढणे या अर्थाचे ‘वीव्ह’ बहुधा हलणे, झुलणे या अर्थाच्या एका प्राचीन नॉर्स क्रियापदाशी निगडित आहे. धोट्याची येजा व नागमोडी चाल यांत साम्य दिसत असल्याने सामान्य बोलणाऱ्यास हे दोन शब्द वेगळे भासत नाहीत.

वाङ्मय व दर्शने : तंतू आणि पट यांचा दृष्टांत भारतीय दर्शनांत वारंवार येतो. न्याय-वैशेषिकांच्या मते तंतू हे पटाचे समवायी कारण, तंतूंचा संयोग हे असमवायी कारण आणि विणकर व माग ही निमित्त कारणे होत. पट हे तंतूंहून वेगळे द्रव्य आहे, असे ते मानतात. अद्वैत वेदान्तात याच दृष्टांताने उलट गोष्ट सांगितली जाते : वस्त्र उकलून पाहिले असता धाग्यांवाचून काही उरत नाही. ज्ञानेश्वरीतही (१२९०) तंतुपटाचा दृष्टांत आला आहे.

रचनेविषयीचे अनेक मराठी शब्द धाग्याशी संबद्ध आहेत. सूत्र म्हणजे दोरा. ग्रंथ व प्रबंध यांच्या मुळाशी गुंफणे व बांधणे या क्रिया आहेत. ‘ओवी’ हे नाव ‘ओवणे’ या क्रियापदावरून आले, असे सामान्यतः मानतात. चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) याच्या मानसोल्लास या ग्रंथात (सु. ११२९) महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, असा उल्लेख आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील व्यवहार : वऱ्हाडच्या कापूसपट्ट्यात मोडणाऱ्या या जिल्ह्यात कापूस व वस्त्र यांच्यामधील प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र क्रियापद होते. कापूस वेचावयाचा, रेच्यावर त्याची सरकी काढावयाची, मग तो पिंजावयाचा, त्याचे पेळू करून सूत कातावयाचे, ताण्यास खळ देऊन पांजणी करावयाची आणि अखेरीस मागावर विणावयाचे, असा हा क्रम होता. वऱ्हाडात कोष्टी, साळी व मोमीन हे परंपरागत विणकर. जाडेभरडे सुती कापड महार समाजातील कुटुंबेही विणीत. धनगरांपैकी खुटेकर ही शाखा घोंगड्या विणण्यासाठी ओळखली जाते. तिच्या नावाचा संबंध मागाच्या खुंटाशी जोडतात. हा खुंट म्हणजे वैदिक ‘मयूखा’चाच वंशज म्हणता येईल.

वऱ्हाडी बोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो आणि शब्दारंभीच्या ‘वि’चा पुष्कळदा ‘इ’ होतो (विस्तव–इस्तव, वीस–ईस). त्यानुसार ‘विणणे’चे उच्चार ‘विननं’, ‘इननं’ असे होतात.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तेथील कापूस मिळेनासा झाला आणि इंग्लंडमधील गिरण्यांची दृष्टी वऱ्हाडकडे वळली. मुंबई–नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये मलकापूर, नांदुरा व शेगाववरून नागपूरला पोहोचला. खामगावच्या मोठ्या कापूसपेठेसाठी जलंब–खामगाव हा फाटा १८७० मध्ये सुरू झाला. त्याच मार्गाने विलायती सूत व कापड जिल्ह्यात उतरू लागले. स्थानिक कापडाची जागा विलायती कापडाने घ्यावी व विणकरांचे श्रम कापसाच्या शेतीकडे वळावेत, असा विचार मध्य प्रांत व वऱ्हाडचे कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांनी तत्कालीन अहवालांत उघडपणे मांडला होता. कापसाचे क्षेत्र वाढत असतानाच माग कमी होत गेले, याचे मर्म या धोरणात आहे. या मालिकेतील ‘वेचणे’ हे पहिले क्रियापद शेतात टिकले; ‘पांजणी’, ‘तूर’ (विणलेले कापड गुंडाळण्याचा दांडा) यांसारखे शब्द मागाबरोबरच बोलण्यातून मागे पडले. वऱ्हाडात आज ‘तूर’ म्हटले, की कापसाच्या रानातील आंतरपीकच आठवते.

असहकाराच्या चळवळीने कातणे व विणणे या शब्दांना नवी प्रतिष्ठा दिली. अखिल भारतीय चरखा संघ (१९२५) व वर्धा शिक्षण योजना (१९३७) यांमुळे टकळी, पेळू, सूतकताई हे शब्द शाळांत व सुशिक्षितांच्या लेखनात आले. तथापि मागाचे शब्द चरख्याच्या शब्दांइतके पसरले नाहीत. कारण सूत घरोघर कातता येते, मागाला मात्र जागा, भांडवल व पिढीजात कौशल्य लागते.

कापडाखेरीजची विणाई खेड्यांतून अधिक काळ टिकली. बुरुडांच्या टोपल्या व सुपे, सुंभाची बाज, कणगी, तुराट्या-पऱ्हाट्यांचे कूड ही तिची उदाहरणे होत. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचे झाड. ज्या कपाशीचा धागा जिल्ह्यात विणला जाईनासा झाला, तिच्या काड्या भिंतीसाठी गुंतविल्या जात राहिल्या.

सांप्रत अर्थ : ‘विणकाम’ म्हटले असता शहरी वाचकास आज प्रथम सुया व लोकर आठवते. याउलट ‘नात्यांची वीण’, ‘कथानकाची वीण’, ‘समाजाची वीण उसवणे’ हे लाक्षणिक प्रयोग वाढत आहेत. त्यांपैकी शेवटच्या प्रयोगात दोन क्रियांचा संकर आहे : उसवते ती शिवण, वीण विरते किंवा तुटते. प्रत्यक्ष माग नजरेआड झाला म्हणजे रूपकातील असे बारकावे पुसट होतात. ज्या कुटुंबांत मागाची आठवण अद्याप शिल्लक आहे, त्यांच्याकडून या व्यवसायाचे शब्द, त्यांचे स्थानिक उच्चार व उपकरणांच्या आकृत्या एकत्र नोंदविणे म्हणूनच अगत्याचे आहे. कारण ‘विणणे’ हा शब्द भाषेत टिकेल, पण त्याचा परिवार त्याच्याबरोबर आपोआप टिकणार नाही.