हळदीच्या जिल्ह्यातला आमवात

फेब्रुवारी-मार्चमध्ये हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातून जाताना शिजवलेल्या हळदीचा वास रस्त्यापर्यंत येतो. पाला कापून झालेला असतो, कंद उकरलेले असतात आणि ढिगाभोवती बसलेल्या बाया गड्ड्यांपासून हळकुंडं मोडून वेगळी करत असतात. काळ्या मातीनं घट्ट धरलेलं हळकुंड सोडवायला अंगठा आणि शेजारची दोन बोटं सतत जोरात चालवावी लागतात. आमवात, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आधी धरतो तो नेमके हेच सांधे: बोटांची मधली पेरं, मुठीच्या उंचवट्यांचे सांधे आणि मनगट. पुरुषांपेक्षा बायकांना तो दुपटी-तिपटीनं जास्त होतो आणि बऱ्याचदा तिशी ते पन्नाशीत, म्हणजे घर आणि शेत दोन्ही अंगावर असतानाच गाठतो.

वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय, बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचं हळद संशोधन केंद्रही वसमतलाच आहे. अशा जिल्ह्यात सांधे सुजले की पहिला सल्ला ‘हळद-दूध घे’ हाच असणार. त्यापाठोपाठ पथ्यांची यादी येते: आंबट सोड, वांगं बंद, बटाटा वातूळ, हरभऱ्याची डाळ नको, दही तर नकोच. आहारानं आमवाताला काही फरक पडतो का, या प्रश्नावर गेल्या पाच दशकांत बरंच संशोधन झालंय. त्याचं उत्तर ‘थोडा पडतो’ असं आहे. मात्र लोक तो जिथं शोधतात, तिथं तो क्वचितच सापडतो.

आधी आजार समजून घेऊ. वयानं गुडघे झिजतात, तो आजार वेगळा. आमवातात सांध्याच्या आतलं पातळ अस्तर सुजतं, आणि ते सुजवते आपलीच रोगप्रतिकारशक्ती. जंतूंशी लढायच्या पेशी स्वतःच्याच शरीरावर उलटतात, अस्तर जाड होत जातं आणि हळूहळू कूर्चा व हाड कुरतडू लागतं. गुडघ्याची झीज चाललं की दुखते आणि बसलं की थांबते. आमवाताचं उलटं असतं. पहाटे उठल्यावर बोटं आखडलेली असतात, मूठ वळत नाही, वेणी घालता येत नाही, आणि हा आखडलेपणा तासभर किंवा त्याहून जास्त टिकतो. दिवस वर चढला, हात चालायला लागले की जरा मोकळं वाटतं. दोन्ही हातांचे तेच सांधे एकाच वेळी सुजणं ही दुसरी खूण. २००६ च्या साथीनंतर चिकुनगुन्याचं सांधेदुखणं आपल्याकडं घरोघरी माहीत झालं. ते वरवर असंच दिसतं, पण बहुतेकांचं काही महिन्यांत ओसरतं. आमवात आपण होऊन ओसरण्याची वाट पाहणं महागात पडतं.

हा आजार किती जणांना असेल? पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघरी जाऊन चार हजारांहून जास्त प्रौढांची विचारपूस केली. त्यात आमवात साधारण दर हजार प्रौढांमागं पाच जणांना आढळला. २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती. भिगवणचं प्रमाण इथं लावलं तर या छोट्या जिल्ह्यातही साडेतीन-चार हजार माणसं या दुखण्यासह जगत असावीत.

आता हळदीकडे येऊ. हळदीला पिवळेपणा देणारं कर्क्युमिन सूज कमी करतं, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसलंय. आमवाताच्या रुग्णांवरची पहिली चाचणी भारतातच झाली. देवधर, सेठी आणि श्रीमल यांनी १९८० मध्ये आमवाताच्या १८ रुग्णांवर केलेली ही छोटी चाचणी प्रसिद्ध केली. रोज १२०० मिलिग्रॅम कर्क्युमिन घेतल्यावर सकाळचा आखडलेपणा आणि सांध्यांची सूज कमी झाली. पण अवधी होता दोन आठवड्यांचा. इतक्या अवधीत वेदना कमी झाली का ते कळतं, हाडं वाचली का ते कळत नाही.

या आकड्याचा जरा हिशेब करू. वाळलेल्या हळदीत कर्क्युमिन असतं दोन ते पाच टक्के. तीन-चार टक्के धरलं, तर १२०० मिलिग्रॅमसाठी रोज ३० ते ४० ग्रॅम हळदपूड पोटात जायला हवी, म्हणजे दहा-बारा चहाचे चमचे. वरण-भाजीतून एका माणसाच्या पोटात जाते ती फार तर दोन-तीन ग्रॅम. शिवाय खाल्लेलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच कमी उतरतं आणि जे उतरतं तेही यकृत झटपट निकामी करतं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की सोबत काळ्या मिऱ्यातलं पिपेरिन दिलं तर रक्तातलं प्रमाण २० पट वाढतं. त्यानंतर हळद आणि मिरी एकत्र असलेल्या कॅप्सुलांची बाजारात रांग लागली.

या कॅप्सुलांबद्दल सावध करणं मला गरजेचं वाटतं. औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्या घेऊन यकृत बिघडलेल्या दहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातला एक दगावला. दहापैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली, म्हणजे सगळ्यांना धोका सारखा नाही. पण आमवाताचं मुख्य औषधही यकृतावर ताण आणू शकतं. म्हणून अशी कॅप्सूल सुरू करायची असेल तर ती डॉक्टरांना सांगूनच. वरणातली हळद निर्धास्त खावी, काळजी आहे ती कॅप्सुलांची.

पुण्यातलाच आणखी एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. डॉ. चोप्रा यांच्याच गटानं अश्वगंधा, सालई, सुंठ आणि हळद यांचं मिश्रण आमवाताच्या १८२ रुग्णांवर १६ आठवडे तपासलं. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, आणि कुणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला माहीत, ना डॉक्टरला. २००० साली निष्कर्ष आले. सुधारणा दोन्ही गटांत दिसली. औषधाचा गट थोडा पुढं होता, पण बहुतेक निकषांवर हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. आमवात स्वतःच चढ-उतार करतो. दुखणं शिगेला पोचलेलं असताना माणूस उपाय सुरू करतो आणि पुढचा उतार त्या उपायाच्या खात्यात जमा होतो. ‘आमच्या मावशीला यानं गुण आला’ हे सांगणारा खोटं बोलत नसतो. पण तो उतार एरवीही आला असता का, हे दुसरा गट समोर ठेवल्याशिवाय कळत नाही.

उपवासाचंही असंच कुतूहल आहे. नॉर्वेतल्या ओस्लोच्या संशोधकांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आमवाताच्या रुग्णांना आधी ७ ते १० दिवस जवळपास उपाशी ठेवलं आणि नंतर वर्षभर टप्प्याटप्प्यानं शाकाहार दिला. उपवासाच्या काळात सूज खरोखरच उतरली आणि शाकाहारावर राहिलेल्यांपैकी अनेकांचा फायदा पुढंही टिकला. पण नुसता उपवास करून पुन्हा नेहमीचं खाणं सुरू केलं की सूज परतते, हे इतर अभ्यासांत दिसलंय. औंढा नागनाथाच्या दर्शनाला श्रावणी सोमवारी उपवास धरून जाणाऱ्यानं तो भक्तीनं जरूर धरावा. फक्त साबुदाण्याची खिचडी आणि तळलेले बटाटे म्हणजे ओस्लोचा उपवास नव्हे. गोळ्या घेणाऱ्यांनी तर रिकाम्या पोटी वेदनाशामक घेऊ नये, पोटात व्रण होतो.

स्वीडनमधल्या काल्मर शहरात ५१ रुग्णांवर बारा आठवडे केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. भूमध्य समुद्राच्या काठचं जेवण, म्हणजे अख्खं धान्य, कडधान्यं, भाज्या, फळं, मासे, ऑलिव्हचं तेल आणि कमी मांस, घेणाऱ्यांच्या आजाराची तीव्रता काहीशी घटली. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीनं २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत याच एका आहाराला, तेही हातचं राखून, पसंती दिली आणि पूरक गोळ्यांना नको म्हटलं. मराठवाड्याचं जुनं ताट याच्या शेजारी ठेवून पाहावं. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, करडईची किंवा अंबाडीची भाजी, जवसाची नाहीतर कारळाची चटणी, कच्चा कांदा, वाटीभर ताक. चाचणी काल्मरच्या ताटाची झाली, ही तुलना माझी. पण तंतुमय धान्य, डाळी आणि भाज्या ही चौकट तीच आहे. मासे आणि फळं तेवढी कमी पडतात. दर दोन तासांनी साखरेचा चहा, त्यात बुडवलेली खारी आणि संध्याकाळी भजी, हे त्या ताटात कधीच नव्हतं. वजन वाढलेल्या रुग्णांत औषधही कमी लागू पडतं.

म्हणूनच डाळ, दही, दूध तोडणाऱ्या पथ्याचा मला राग येतो. आंबट, वांगं, बटाटा यांनी आमवात वाढतो याला भक्कम पुरावा नाही. एखाद्या पदार्थानं एखाद्याला खरंच त्रास होत असेल तर तो तीन-चार आठवडे सोडून, पुन्हा खाऊन पाहावा आणि मग ठरवावं. पण सूज सतत असली की शरीर स्वतःचे स्नायू झिजवतं आणि रक्त कमी होतं. अशा वेळी बाईच्या ताटातून डाळ आणि दही काढून घेणं म्हणजे आजाराला मदतच.

जवसाचं थोडं वेगळं. त्यातलं ओमेगा-३ सूज कमी करणाऱ्या घराण्यातलं आहे खरं, पण माशांतल्या ओमेगा-३ मध्ये आपलं शरीर त्याचा फारच थोडा भाग बदलू शकतं. ज्या चाचण्यांत वेदनाशामक गोळ्यांची गरज कमी झाली, त्यांत माशांच्या तेलातलं ओमेगा-३ रोज तीन ग्रॅमच्या आसपास दिलेलं होतं. जवसाची चटणी खावी ती चवीसाठी आणि एकूण तब्येतीसाठी.

सोडायचीच असेल तर तंबाखू सोडावी. विडी-सिगारेटचा धूर आणि आमवात यांचं नातं पक्कं आहे. धुरामुळे फुप्फुसातल्या प्रथिनांची रचना बदलते, शरीर त्यांना परकं समजून प्रतिपिंडं बनवतं, आणि हे सांधा दुखायच्या कित्येक वर्षं आधी घडतं. तशीच प्रथिनं बदलण्याची किमया हिरड्यांच्या आजारातला एक जिवाणूही करतो. मिश्रीनं हिरड्या खराब होतात, एवढं कारण ती सोडायला पुरे.

व्यायामाबद्दल पुरावा आहारापेक्षा कितीतरी भक्कम आहे. ब्रिटनमध्ये ४९० रुग्णांवर झालेल्या चाचणीत रोजच्या औषधांच्या जोडीला हातांचे ठरावीक व्यायाम शिकवले गेले. वर्षभरानं त्या गटाचे हात स्पष्टपणे जास्त चालत होते. २०१५ मध्ये हे निष्कर्ष आले. व्यायाम साधेच: बोटं पसरणं आणि मिटणं, अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावणं, मनगट वर-खाली करणं, मऊ गोळा दाबणं. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून केले तर सोपे जातात. सुजेचा भर असताना ताकदीचे व्यायाम थांबवावेत, हालचालीचे नाहीत. शेतातली हत्यारंही थोडी बदलता येतात. खुरप्याच्या बारीक मुठीवर सुती चिंधीचे चार-पाच वेढे घट्ट बांधले की मूठ जाड होते आणि पेरांवरचा दाब कमी होतो. भरलेली घागर बोटांच्या आकड्यावर न उचलता कमरेवर, हाताच्या घडीत घ्यावी. छोट्या सांध्याचं ओझं मोठ्या सांध्यावर टाकायचं.

हे सगळं औषधाच्या जोडीनं. आमवात आवरणारं मुख्य औषध मेथोट्रेक्झेट. त्याची मुळं एका भारतीय माणसाच्या कामात आहेत. आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले कंपनीत संशोधन करत होते. त्यांच्या गटानं आधी फोलिक ॲसिड बनवलं, मग त्याचं काम अडवणारी संयुगं, आणि त्यातून पुढं मेथोट्रेक्झेट आलं. कर्करोगासाठी आलेलं हे औषध छोट्या मात्रेत आमवातावर वापरायला अमेरिकेत १९८८ मध्ये मान्यता मिळाली. आज ते आपल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि महागही नाही. मात्र ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्यानं माणसं दगावली आहेत. घरातल्या कॅलेंडरवर ‘गोळीचा वार’ ठरवून लिहून ठेवावा. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगून हे औषध बंद करावं लागतं. अधूनमधून रक्त तपासावं लागतं आणि दारू टाळावी लागते.

या औषधाला घाबरून अनेकजण ‘वाताच्या पुडी’कडे वळतात. पहिल्याच दिवशी उतार पडला, भूक वाढली, महिन्याभरात चेहरा गोल झाला, तर त्या पुडीत स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता आहे. ती अचानक बंद करणंही धोक्याचं असतं. पुडी सोबत घेऊन थेट डॉक्टरांकडं जावं.

औषध सर्वांत चांगलं लागू पडतं ते सुरुवातीच्या तीन ते सहा महिन्यांत, हाड कुरतडलं जाण्याआधी. नेमका हाच काळ आपल्याकडं हळद-दूध, पथ्य आणि पुड्यांत निघून जातो. सहा आठवड्यांहून जास्त दिवस बोटं सुजलेली असतील आणि सकाळचा आखडलेपणा तासभर टिकत असेल, तर तपासणी लांबवू नये. हिंगोलीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मेडिसिन विभागात रुमॅटॉइड फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर आणि सीआरपी या तपासण्यांबद्दल विचारावं. रुमॅटॉइड फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून हायसं वाटून घरी परतू नये. आमवाताच्या दर चार-पाच रुग्णांमागं एकाचा तो निगेटिव्हच येतो. सांधे सुजलेले असतील तर डॉक्टरांनी हात हातात घेऊन, प्रत्येक पेर दाबून पाहिलं पाहिजे.