वरती हौस, खालती हिशेब

लग्नाची यादी करायची म्हटली की आपल्याकडे चार वडीलधारी माणसे बैठक मारून बसतात. आहेर कोणाला, मान कोणाचा, कोणाला वगळले तर कोण रुसेल, याचा काथ्याकूट दोन-दोन रात्री चालतो. पण मुलाच्या चार वर्षांच्या शिक्षणाची यादी मात्र कित्येक घरांत शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी, चहा निवत ठेवून, तासाभरात उरकली जाते! मी गणिताचा मास्तर. निवृत्त झालो तरी पावसाळा लागला की इंजिनिअरिंगला जाणारी मुले आणि त्यांचे आईबाप कागद घेऊन माझ्याकडे येतात. त्यांच्याशी बोलताना जे वारंवार सांगावे लागते, तेच येथे चार घरांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहितो.

२०२५ च्या जुलैत पुण्यातले आमचे एक शेजारी मुलीला घेऊन आले. तिला सीईटीत त्र्याण्णव पर्सेंटाइल होते. यादीत अकरा नावे, आणि सगळीकडे शाखा एकच, कॉम्प्युटर. अग्रभागी अर्थातच पुण्याचे सीओईपी आणि माटुंग्याचे व्हीजेटीआय.

"मास्तर, त्र्याण्णव म्हणजे काही थोडे नाहीत!" ते म्हणाले.

थोडे नाहीतच. पण पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. शंभर परीक्षार्थींपैकी त्र्याण्णवांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. त्या वर्षी गणिताच्या गटाला चार लाखांहून अधिक मुले बसली होती. त्यांतले वरचे सात टक्के म्हणजे अठ्ठावीस हजारांवर मुले रांगेत आपल्या पुढे उभी! हा आकडा ऐकून गृहस्थ खुर्चीत जरा मागे टेकले.

यावर कोणी म्हणेल, मग मोठ्या कॉलेजांची नावे लिहूच नयेत काय? अवश्य लिहावीत. येथेच बहुतेकांची गल्लत होते. जागावाटप कसे चालते, ते नाटकाच्या तिकीटखिडकीवरून समजून घ्या. रांग गुणवत्तेच्या क्रमाने लागलेली आहे. आपली पाळी आली की खिडकीतला माणूस आपली चिठ्ठी वरून खाली वाचत जातो आणि प्लॅनवर जी पहिली जागा मोकळी दिसेल ती देतो. पहिल्या रांगेतली खुर्ची मागितली आणि ती गेलेली असली, तर तो रागावत नाही. त्याचे बोट मुकाट्याने दुसऱ्या ओळीवर सरकते. म्हणजे वरती हौस लिहिल्याने काडीचेही नुकसान नाही. नुकसान होते ते चिठ्ठी लवकर संपली तर. मग आपल्या मागचा माणूस तिकीट घेऊन आत जातो आणि आपण बाहेर उभे!

तेव्हा पहिला नियम असा, की क्रम लावायचा तो आवडीने, शक्यतेने नव्हे. "हे मिळेलसे वाटते, म्हणून वर घालू," असे करणारा स्वतःच्या हाताने चांगली जागा सोडतो.

दुसरा नियम लांबीचा. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मागील वर्षांचे, प्रत्येक फेरीचे शेवटचे प्रवेश कॉलेज, शाखा आणि प्रवर्ग यांनुसार मिळतात. दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी मांडावेत. ज्यांचा शेवटचा क्रमांक आपल्यापेक्षा वरचढ आहे ती एका गटात, आपल्या आसपासची दुसऱ्यात, आणि आपल्याहून बरेच खाली उतरणारी तिसऱ्यात. यादीत तिन्ही गट हवेत. फॉर्मवर जागेची टंचाई नाही. शेकडो पर्याय लिहिता येतात. तिसऱ्या गटाची निदान आठ-दहा नावे असल्याशिवाय मी कोणाला उठू देत नाही.

पण खालची नावे केवळ भरताड म्हणून घालू नयेत. प्रत्येक ओळीपाशी मी मुलांना विचारतो, "येथे नाव लागले, तर सोमवारी पिशवी अडकवून जाशील ना?" मूल घुटमळले, की ती ओळ खोडावी.

यादी अकरावरच थांबली, कारण तीत पुण्या-मुंबईपलीकडचा महाराष्ट्रच नव्हता! सांगलीचे वालचंद १९४७ पासून, कराडचे शासकीय कॉलेज १९६० पासून, अमरावतीचे १९६४ पासून, नांदेडचे गुरु गोविंदसिंगजी १९८१ पासून इंजिनिअर घडवीत आहेत. शिवाय एक कॉलेज म्हणजे एक पर्याय नव्हे. कॉलेज आणि शाखा मिळून एक पर्याय होतो.

शाखेचे नाव निघाले तेव्हा मी मुलीकडे वळलो. ती इतका वेळ गप्पच होती. आई हळूच म्हणाली, "घरात मिक्सर बिघडला की हीच उघडते. आजीच्या शिलाई मशीनचा पट्टाही हिनेच बसवला."

"मला मेकॅनिकल हवे आहे," मुलगी म्हणाली.

"नोकऱ्या कॉम्प्युटरला आहेत," वडील म्हणाले.

दोघांचेही खरे होते. वडिलांना तिच्या पोटापाण्याची काळजी, तिला स्वतःच्या चार वर्षांची. मी म्हणालो, "वाद येथे नका मिटवू. घरी जा, तिला स्वतःच्या हाताने यादी लिहू द्या. तुमची नावे तिला पटतील तेथे ती घालील."

आईचा प्रश्न मात्र तेथल्या तेथे सोडवण्याजोगा होता. खर्चाचे काय? फी बघताना वसतिगृह आणि खानावळ धरूनच बेरीज करावी. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर ट्यूशन फी माफीच्या जागा असतात. त्यांचा पर्याय-क्रमांक स्वतंत्र असतो, तो वेगळा भरावा लागतो. त्याच उत्पन्नमर्यादेत आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींची ट्यूशन व परीक्षा फी पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ साली घेतला. दाखले मात्र आधी काढून ठेवावेत. तहसील कचेरी आपल्या तारखांसाठी थांबत नाही.

दोन दिवसांनी मुलगी चौतीस ओळी घेऊन आली. वरती कॉम्प्युटरही होते, मेकॅनिकलही. मी पहिल्या सहा ओळी तिला पुन्हा वाचायला लावल्या. कारण २०२५ च्या नियमांप्रमाणे पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तिनांपैकी एखादा आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी एखादा मिळाला, तर तो स्वीकारावाच लागे. नाकारला की पुढच्या फेऱ्यांचे दार बंद. तेव्हा डोक्यावर शोभेची नावे ठेवून चालत नाही. हे नियम बदलत असतात, म्हणून त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. शेजाऱ्याच्या थोरल्या मुलाच्या अनुभवावर विसंबू नये.

दुसऱ्या फेरीत तिला एकोणिसावी ओळ मिळाली. पुण्याबाहेरचे शासकीय कॉलेज, शाखा मेकॅनिकल. वडिलांच्या अकरा नावांपैकी एकही शेवटच्या फेरीपर्यंत तिच्या क्रमांकापर्यंत उतरले नाही. तिला सामानासह पोचवून आल्यावर ते मला एवढेच म्हणाले, "वर्कशॉप चांगले आहे हो!"

वाचकहो, मुलाला हवे तेच कॉलेज मिळेल, अशी हमी कोणतीही यादी देत नाही. रांगेत पुढे किती उभे आहेत, ते आपल्या हाती नसते. चिठ्ठीवर काय लिहायचे, एवढेच आपल्या हाती. ती लिहिताना लेखणी मुलाच्या हाती द्यावी, आकडे आपण तपासावेत, आणि दोघांनी मिळून प्रत्येक ओळ एकदा मोठ्याने वाचावी. यादीची शेवटची ओळ वाचतानाही घरात कोणाचा चेहरा उतरला नाही, तर ती यादी झाली असे समजावे.