माप बदलताना

भिवंडीतील टेमघर येथे जलशुद्धीकरण केंद्र आहे. उल्हास नदीचे पाणी शहाड येथे उचलून तेथे आणतात आणि शुद्ध करून आसपासच्या शहरांना पुरवितात. घागरभर पाणी तांब्यात ओतू लागले, तर तांब्यात मावेल तेवढेच राहते, बाकीचे सांडते. संगणकातील माहितीचेही काहीसे असेच असते. पूर्णांकाचे भांडे निराळे, दशांश अपूर्णांकाचे निराळे, अक्षरांचे निराळे. एका प्रकारची माहिती दुसऱ्या प्रकारात बदलणे यास टाइप कास्टिंग, म्हणजे प्रकार-रूपांतर, म्हणतात.

समजा, एखाद्या टाकीत ४.९ मीटर उंचीपर्यंत पाणी आहे. जावा या संगणक-भाषेत ही संख्या पूर्णांकाच्या भांड्यात घालावयाची, तर तशी स्पष्ट आज्ञा लिहावी लागते. कारण काहीतरी सांडणार, हे भाषेने आधीच गृहीत धरलेले असते. विद्यार्थी ४.९ चे ५ करील. संगणक मात्र दशांश भाग सरळ छाटतो व ४ ठेवतो. उलट, ४ चे ४.० करताना काहीच सांडत नाही, म्हणून तेथे निराळी आज्ञा लागत नाही.

भांडे लहान असले, म्हणजे आणखी विपरीत घडते. सोळा बिटांचे, म्हणजे शून्य किंवा एक यांच्या सोळा खणांचे, भांडे घेतले, तर त्यात उणे ३२७६८ पासून ३२७६७ पर्यंतचेच पूर्णांक मावतात. टाकीतील ४०००० लिटरांची नोंद जावामध्ये त्यात बळेच घातली, तर उणे २५५३६ ही संख्या निघते! टाकीत उणे पाणी कसे असणार?

अशाच रूपांतराने एकदा मोठा घात केला. ४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियानातून युरोपचा एरियान-५ हा अग्निबाण प्रथमच झेपावला. त्याची दिशा जाणणाऱ्या यंत्रातील आज्ञावली जुन्या एरियान-४ वरून घेतलेली होती. तीत आडव्या वेगाशी संबंधित एक दशांश संख्या सोळा बिटांच्या पूर्णांकात बदलली जाई. जुन्या अग्निबाणाच्या वेळी ती त्यात मावत असे. नव्याचा आडवा वेग फार लवकर वाढला आणि संख्या भांड्याबाहेर गेली. ही आज्ञावली एडा भाषेतील होती. ती भाषा चुकीची संख्या मुकाट्याने ठेवून न घेता चूक कळविते. परंतु ती सूचना हाताळण्याची सोय येथे केलेली नव्हती. यंत्र बंद पडले. राखीव यंत्रातही तीच आज्ञावली असल्याने ते तर क्षणभर आधीच थांबले होते. उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत अग्निबाण वाकडा वळून नष्ट झाला व त्यातील चार उपग्रहही गेले. सुदैवाने त्यात मनुष्य नव्हता. खेदाची गोष्ट अशी, की एकदा उड्डाण झाल्यावर ते गणित एरियान-५ ला लागतच नव्हते.