युरोपच्या आडवाटेवर मराठी खुणा

कोरमंगलातल्या मराठी घरांत युरोपचा बेत ठरतो, तो बहुधा पॅरिस आणि स्वित्झर्लंडचा. त्याला जोडून पाहता येतील अशी ही तीन ठिकाणं.

■ फ्लॉरेन्स, इटली : कोल्हापूरचे राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इथे वारले. वय जेमतेम वीस. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. तिथेच, काशिने बागेच्या टोकाला, १८७४ मध्ये छत्री उभी राहिली. तिच्याखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे. जवळच्या पुलालाही याच स्मारकावरून नाव मिळालं.

■ मोंतोने, इटली : पेरुजाजवळचं डोंगरमाथ्यावरचं तटबंदीचं गाव. माणगावचे (रायगड) नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी या परिसरात धारातीर्थी पडले. काडतुसं बदलायला उसंत नव्हती, तेव्हा त्यांनी बंदुकीच्या दस्त्यानं शत्रूचं ठाणं जिंकलं. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ मध्ये गावात त्यांच्या नावे सूर्यघड्याळाचं स्मारक झालं.

■ वॉर्सा, पोलंड : दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्या आसऱ्याची आठवण म्हणून इथे मोंते कॅसिनो स्मारकाजवळ कोल्हापूर स्मारक आहे.

व्हिसा : दोन्ही देश शेंगेनमध्ये आहेत, त्यामुळे एकच व्हिसा पुरतो. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. जिथे मुक्काम जास्त, त्या देशाकडे अर्ज करावा.