वर्गणीतला वेताळ : मद्रासचा ‘चांदोबा’ आणि मराठीतील अद्भुतवाचन

१.

अद्भुतकथेचे वाचन आणि वर्गणी भरून ठरावीक मुदतीने घरी येणारे पुस्तक यांचा संबंध अलीकडे नव्याने लक्ष वेधून घेत आहे. गेल्या दशकभरात इंग्रजी वाचनव्यवहारात ‘बुक बॉक्स’ची पद्धत रुजली आहे. ब्रिटनमधील इल्यूमिक्रेट व फेअरीलूट, कॅनडातील आउलक्रेट यांसारख्या संस्था वर्गणीदाराला नियमाने एक पेटी पाठवितात. पेटीत कोणती कादंबरी असेल हे बहुधा आधी सांगितले जात नाही. त्या खेपेचे सूत्र तेवढे जाहीर होते. निवड प्रामुख्याने फँटसी या प्रकारातून केलेली असते. मुखपृष्ठ खास त्या आवृत्तीसाठी रेखाटलेले असते, पानांच्या कडा रंगविलेल्या असतात आणि सोबत कथेशी निगडित लहानमोठ्या वस्तू असतात. या व्यवहाराकडे विक्रीची एक युक्ती म्हणून पाहता येईल. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकापुढे मात्र वेगळा प्रश्न उभा राहतो. अद्भुत हा वाङ्मयप्रकार वर्गणीकडे इतक्या सहजपणे का वळतो, आणि वर्गणीमुळे अद्भुताच्या घडणीत कोणता बदल होतो?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मराठी अभ्यासकाला परदेशी जावे लागत नाही. १९५२ पासून मराठी घरांत दरमहा टपालाने येणारा ‘चांदोबा’ हे त्याचे आपल्या अगदी जवळचे उदाहरण आहे. ते महाराष्ट्रात घडले नाही, मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत घडले. प्रस्तुत लेखाचा विषय हे उदाहरण आणि त्यातून मराठी वाङ्मयेतिहासापुढे उभा राहणारा प्रश्न हा आहे.

२.

बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये मद्रास येथे ‘चंदामामा’ तेलुगूत व ‘अंबुलिमामा’ या नावाने तमिळमध्ये सुरू केले. १९४९ मध्ये कन्नड व हिंदी आवृत्त्या निघाल्या. १९५२ मध्ये मराठी व मल्याळम् आवृत्त्यांची भर पडली आणि पुढे गुजराती, इंग्रजी, उडिया, बंगाली, संस्कृत अशा अनेक भाषांत हे मासिक पोहोचले. याच दोघांच्या विजया संस्थेने ‘पाताळभैरवी’ (१९५१) आणि ‘मायाबाजार’ (१९५७) हे चित्रपट निर्माण केले, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. मासिक आणि चित्रपट एकाच वडपळणी परिसरात, एकाच अभिरुचीतून आकाराला येत होते. मांत्रिक, गुहा, गुप्त धन, राजकन्या आणि साहसी तरुण ही सामग्री पडद्यावर आणि पानावर समांतरपणे वावरत होती.

कोडवटिगंटि कुटुंबराव हे १९५२ पासून १९८० मध्ये निधन होईपर्यंत या मासिकाच्या संपादनाशी निगडित होते. मूळ मजकूर बहुतांशी तेलुगूत सिद्ध होई व तेथून अन्य भाषांत जाई. चित्रे सर्व आवृत्त्यांत समान असत. साहजिकच प्रत्येक भाषेतील कथेला त्याच चित्रांभोवती, जवळपास तेवढ्याच जागेत उभे राहावे लागे. महाराष्ट्रातील मुलाने आणि कर्नाटकातील मुलाने एकाच महिन्यात एकच राक्षस पाहावा, आणि त्याविषयी आपापल्या भाषेत वाचावे, अशी ही रचना होती. भारतीय भाषांतील एककालिक अभिग्रहणाचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सहसा आढळणार नाही.

नावाचाही थोडा विचार करावयास हवा. तेलुगू, हिंदी, तमिळ आणि मल्याळम् नावांत चंद्र हा आईचा भाऊ आहे. मराठीत ‘चांदोमामा’ हा शब्द अपरिचित नसतानाही ‘चांदोबा’ हे नाव पत्करले गेले. ‘बा’ हा प्रत्यय विठोबा, खंडोबा, म्हसोबा या लोकदैवतांच्या नावांत आढळतो. त्यात जवळीक आणि आदर एकत्र नांदतात. अनुवादित मासिकाने मुखपृष्ठावरच मराठी लोकपरंपरेशी नाते जोडले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

३.

वर्गणीदार मनीऑर्डरने वर्षाचे पैसे आगाऊ पाठवीत असे. नोंदणीकृत नियतकालिकांना टपालदरात मिळणाऱ्या सवलतीमुळे दूरच्या गावीही अंक पोहोचविणे परवडत असे. आगाऊ घेतलेल्या पैशाबरोबर प्रकाशकावर एक बंधन येते. पुढील बारा महिने दरमहा विस्मय पुरविण्याची हमी त्याने दिलेली असते. येथे काव्यशास्त्रीय दृष्टीने एक अडचण उद्भवते. भरताने अद्भुत रसाचा स्थायिभाव विस्मय हा सांगितला आहे. विस्मय अनपेक्षितातून जन्मतो. वर्गणीचा आधार तर अपेक्षा हाच असतो. जे ठरल्या दिवशी येणार हे माहीत आहे, त्याने आश्चर्य कसे वाटावे?

‘चांदोबा’ने या अडचणीवर शोधलेला मार्ग म्हणजे वेताळकथा. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागरा’त त्रिविक्रमसेन राजा एका भिक्षूसाठी झाडावरचे प्रेत खांद्यावर घेऊन निघतो. प्रेतातील वेताळ वाटेत कथा सांगतो, अखेरीस प्रश्न विचारतो, आणि राजाने मौन सोडताच झाडावर परत जातो. मराठीत हा ग्रंथ ‘वेताळपंचविशी’ म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून मुद्रित रूपात परिचित आहे. मूळ रचना सान्त आहे. अखेरच्या प्रश्नाला राजापाशी उत्तर नसते, तो मुकाट चालत राहतो, आणि त्या मौनामुळेच वेताळ प्रसन्न होऊन भिक्षूचे कपट उघड करतो. पंचवीस ही संख्या केवळ मोजदाद नव्हे. ती कथाचक्राला अर्थपूर्ण शेवट देते.

मासिकाला हा शेवट परवडणारा नव्हता. पंचविशीतील कथा संपल्यावरही चौकट तशीच ठेवण्यात आली आणि तिच्यात लोककथा, परदेशी कथा व नव्याने रचलेल्या कथा बसविण्यात येऊ लागल्या. वेताळकथांची संख्या शेकड्यांवर गेली. राजाला उत्तर येत नाही असा महिना उगवेनासा झाला. दरमहा तो झाडाकडे परततो, दरमहा उत्तर देतो, दरमहा वेताळ निसटतो. मूळ ग्रंथात वेताळाचे परत जाणे हे राजाच्या परीक्षेतील विघ्न होते. मासिकात ते पुढच्या अंकाचे आश्वासन झाले. कथेच्या आकृतिबंधातील एक घटक आणि टपालाची नियमितता यांचा असा मेळ बसला की, दोहोंपैकी कोण कोणाला वळण देत होते हे सांगणे अवघड व्हावे.

मग विस्मयाचे काय झाले? तो घटनेतून प्रश्नात सरकला. प्रेत बोलते, वेताळ उडतो, याचे नवल नियमित वाचकाला उरलेले नव्हते. नवल होते ते राजाच्या उत्तराचे: तिघांपैकी खरा उदार कोण, दोष कोणाचा, राजकन्येने केलेली निवड योग्य का? त्स्वेतान तोदोरोव यांनी १९७० मध्ये फँटॅस्टिक या प्रकाराची व्याख्या करताना, घडलेले नैसर्गिक की अतिनैसर्गिक या संभ्रमाला मध्यवर्ती स्थान दिले. वेताळकथेत हा संभ्रम औषधालाही नाही. अतिनैसर्गिक तेथे गृहीतच धरलेले असते. संभ्रम आहे, पण तो नैतिक निवाड्याविषयीचा. उत्तर वाचण्यापूर्वी मुलाने क्षणभर थांबून आपले उत्तर ठरवावे, ही जागा कथेतच राखून ठेवलेली आहे. पाश्चात्त्य कल्पना जशीच्या तशी लावल्यास हा विशेष हातून निसटतो.

या चौकटीला दृश्य रूप देणारे चित्रकार के. सी. शिवशंकरन, म्हणजेच ‘शंकर’ (१९२४-२०२०), यांचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. एका हाती तलवार आणि खांद्यावर प्रेत घेतलेला त्यांचा विक्रम मराठी वाचकाच्या मनात सोमदेवाच्या वर्णनापेक्षा अधिक ठसलेला आहे. २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

४.

वेताळकथा दर अंकात पूर्ण होई. तिच्या जोडीला ‘क्रमशः’ चालणारी अद्भुत कादंबरी असे. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून पुढे दोन दशकांहून अधिक काळ दासरी सुब्रह्मण्यम् (१९३२-२०१०) यांनी अशा मालिका लिहिल्या. धूमकेतू, मकरदेवता, तीन मांत्रिक, काशाचा किल्ला अशी त्यांची सूत्रे होती. या मालिकांतील भूगोल कोणत्याही पुराणातला नाही आणि राजेही इतिहासातले नाहीत. स्वतंत्र कल्पित विश्व उभारून ते महिनोन्‌महिने चालविणे, ज्याला आज फँटसी कादंबरी म्हणतात, ते भारतीय भाषांतील लक्षावधी मुलांनी प्रथम अनुभवले ते येथे.

अशा प्रकारे वर्गणीने दोन प्रकारची प्रतीक्षा निर्माण केली. एकीत काय होणार हे ठाऊक असते आणि तरीही वाट पाहिली जाते. दुसरीत काय होणार हे ठाऊक नसल्यामुळे वाट पाहिली जाते. शेजारच्या तमिळ वाचनव्यवहाराशी तुलना केल्यास दुसऱ्या प्रतीक्षेचे सामर्थ्य अधिक स्पष्ट होते. कल्की यांची ‘पोन्नियिन सेल्वन’ ही ऐतिहासिक कादंबरी १९५० ते १९५४ या काळात ‘कल्की’ साप्ताहिकातून प्रकाशित झाली. अनेक तमिळ कुटुंबांनी अंकांतील पाने सुटी करून, मणियम् यांच्या चित्रांसह, घरची पुस्तके बांधून घेतली. मराठी घरांतून दोऱ्याने शिवून ठेवलेले ‘चांदोबा’चे जुने अंक याच वृत्तीची साक्ष देतात. प्रकाशकाने तुकड्यांत दिलेले वाचकाने सलग केले, आणि पुस्तक सिद्ध करण्याच्या कामात त्याचा असा वाटा राहिला.

५.

आता मुख्य प्रश्नाकडे वळावयाचे. मराठी कादंबरीचा इतिहास सामान्यतः अद्भुताकडून वास्तवाकडे झालेल्या प्रवासाच्या रूपात मांडला जातो. हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या आरंभीची अपरिपक्व अवस्था ठरतात. हरिभाऊ आपटे यांच्यापासून प्रौढत्व सुरू होते. या मांडणीत अद्भुत हे मागे टाकलेले वय आहे. त्यामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अद्भुताचे वाचन कोठे व कसे चालू होते हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. आणि विचारला गेलाच, तर ‘चांदोबा’ तीन कारणांनी बाहेर राहतो: तो बालवाङ्मय आहे, अनुवादित आहे आणि मद्रासचा आहे.

तिन्ही कारणे तपासून पाहण्यासारखी आहेत. बालवाचकांसाठीची म्हणून कथा बाजूला ठेवली, तर प्रौढ वाचकाची अभिरुची कशातून घडली हे सांगता येत नाही. अनुवाद म्हणून वगळावयाचे, तर अव्वल इंग्रजीतील बरेचसे मराठी गद्य वगळावे लागेल. राहिले स्थळाचे कारण. तंजावरच्या सरफोजीराजांनी आपल्या छापखान्यात इसापच्या कथांचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने देवनागरी टंकांत छापविले ते एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. आरंभीच्या मराठी मुद्रित कथापुस्तकांपैकी एक तमिळभूमीवर सिद्ध झाले आणि त्याला मराठी मुद्रणाच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. मग दीडशे वर्षांनी त्याच भूमीवर छापलेले, आणि कितीतरी अधिक वाचले गेलेले मराठी कथावाङ्मय इतिहासाबाहेर का असावे? भाषेचा नकाशा आणि राज्याचा नकाशा एकच मानण्याची सवय याला कारण असावी.

यात सर्वांत मोठी हानी भाषांतरकारांची झाली आहे. कथेवर भाषांतरकाराचे नाव छापण्याची प्रथा या मासिकात नव्हती. खुद्द दासरी सुब्रह्मण्यम् यांच्या मालिकाही त्यांच्या नावाविना प्रसिद्ध होत. तेलुगूतील जाणत्या वाचकांनी पुढे त्यांचे श्रेय त्यांना मिळवून दिले. मराठीत तसा प्रयत्न व्हावयाचा आहे. ‘चांदोबा’ची भाषा ही सुटसुटीत, क्रियापदप्रधान, प्रांतिक वळणांपासून दूर राहणारी मराठी होती. नागपूरच्या, कोल्हापूरच्या आणि बेळगावच्या मुलाला ती सारखीच समजे. असे सर्वसमावेशक गद्य घडविणे हे भाषिक कर्तृत्व आहे, आणि त्याला कर्त्याचे नाव नाही.

१९९८ मध्ये मासिक बंद पडले, १९९९ मध्ये पुन्हा सुरू झाले. २००७ मध्ये त्याची मालकी मुंबईच्या जिओडेसिक या कंपनीकडे गेली आणि २०१३ च्या सुमारास प्रकाशन थांबले. आता जुने अंक खासगी संग्रहांत, रद्दीच्या दुकानांत आणि काही ग्रंथालयांच्या कोपऱ्यांत विखुरलेले आहेत. मासिकाचा कागद फार काळ टिकणारा नाही. मराठी अंकांची पूर्ण सूची, तेलुगू मूळ संहितेशी त्यांची तुलना आणि भाषांतरकारांचा शोध ही कामे विद्यापीठीय विभागांनी हाती घेण्याची वेळ हीच आहे. एकट्या मराठीच्या अभ्यासकाला ती पेलणार नाहीत. तेलुगू, तमिळ आणि मराठी जाणणाऱ्यांनी एकत्र येऊनच ती करावी लागतील.

६.

आजच्या बुक बॉक्सशी ‘चांदोबा’ची तुलना आता अधिक नेमकेपणाने करता येते. दोन्हींत निवड दुसऱ्याच्या हाती सोपविलेली असते आणि पैसे आगाऊ दिलेले असतात. दोन्हींत चित्र आणि वस्तुरूप यांचे महत्त्व संहितेच्या बरोबरीचे असते. भेद आहे तो विस्मयाच्या जागेचा. पेटी उघडण्याच्या क्षणी तिचा विस्मय बराचसा सरतो. कादंबरी नंतर सवडीने, कदाचित कधीच नाही, वाचली जाते. ‘चांदोबा’त पाकिटावरचा कागद काढताना विक्रम आत असणार हे ठाऊकच असे, विस्मय सुरू होई तो वाचनात, वेताळाने प्रश्न विचारल्यावर. पेटी वर्गणीदाराला संग्राहक करते. वेताळ त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा करतो.

अद्भुत हा प्रकार वर्गणीकडे सहज वळतो याचे कारणही यातून हाती येते. अद्भुतकथेला परतून येण्याची मुळातच सवय असते. मौखिक परंपरेत ती रोज रात्री परतत होती, मुद्रणाच्या युगात ती महिन्याच्या महिन्याला परतू लागली. हे परतणे ज्या मासिकाने मराठीत सहा दशके सांभाळले, त्याची नोंद मराठी कादंबरीच्या आणि वाचनाच्या इतिहासात, मद्रासच्या पत्त्यासह, झाली पाहिजे.