खातोय म्हणजे दुखत नाही, असं नाही

पाळीव उंदराचं आयुष्य जेमतेम दोन ते तीन वर्षांचं. दीड वर्ष उलटलं की तो उतरणीला लागतो आणि दोन वर्षांचा झाला की म्हाताराच. नेमकी याच वयात मादीच्या काखेत किंवा जांघेत गाठ हाताला लागते, कुणाचा पाय पिंजऱ्याच्या गजात अडकून सोलवटतो. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "आता या वयात कशाला चिरफाड?" म्हणणाऱ्याच्या मनात मायाच असते, पण वय हा आजार नव्हे. भूल सोसेल की नाही हे फुफ्फुसं, हृदय आणि मूत्रपिंडं कशी आहेत यावर ठरतं. बहुतेक पाळीव उंदरांच्या श्वसनमार्गात मायकोप्लाझ्मा पल्मोनिस नावाचा जंतू कायमचा मुक्कामाला असतो आणि ताण आला की डोकं वर काढतो. उतारवयात मूत्रपिंडंही झिजतात, नरांची जास्त. श्वास घरघरत असेल, वजन उतरत असेल, तर शस्त्रक्रिया न करण्याचा निर्णय योग्य ठरू शकतो. पण छाती स्वच्छ आहे, खाणं-हिंडणं चालू आहे आणि निव्वळ वयाकडे पाहून गाठ तशीच ठेवली, तर ते चूक आहे. मादीच्या स्तनांतल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, फायब्रोॲडेनोमा असतात. मात्र त्या थांबत नाहीत. वाढत वाढत जमिनीला घासू लागतात, वरची कातडी फुटते, जखम चिघळते. गाठ लहान असताना काढली तर भूल थोडा वेळ लागते आणि रक्तही कमी जातं. उंदरांच्या स्तनग्रंथी मानेपासून जांघेपर्यंत पसरलेल्या असल्याने पुढे दुसरीकडे नवी गाठ येऊ शकते, हे मात्र आधीच ठाऊक असलेलं बरं.

दुसरा गैरसमज थेट जिवावर बेतू शकतो: "ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं." माणसाला, कुत्र्याला उपाशी ठेवतात ते भुलेत उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. उंदराला उलटी करताच येत नाही. शिवाय एवढ्याशा शरीरात साखरेचा साठा फारसा नसतो. रात्रभर उपाशी राहिलेल्या म्हाताऱ्या उंदराची साखर भुलेआधीच खाली आलेली असते. तोंडात घास राहू नये म्हणून डॉक्टर थोडा वेळ खाणं थांबवायला सांगतात, तेवढंच पाळावं. दवाखान्यातून कुणी "रात्रीपासून काही देऊ नका" असं सांगितलं, तर उंदरांवर उपचार करायची त्यांना सवय आहे का, हे नम्रपणे पण स्पष्ट विचारावं.

शस्त्रक्रियेनंतर घरी आणल्यावर पहिली काळजी उबेची. लहान देहातली उष्णता झपाट्याने निघून जाते आणि भूल ती टिकवू देत नाही. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून पिंजऱ्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे नको वाटलं तर त्याला दुसऱ्या बाजूला सरकता येईल. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या मे महिन्यात प्रश्न उलटा होतो. उंदराला माणसासारखा घाम येत नाही, अंगातली बरीचशी उष्णता तो शेपटीवाटे बाहेर टाकतो. तिशीच्या वर पारा गेला की त्याला गारवा हवा, फक्त कूलरचा झोत अंगावर नको.

आता सगळ्यांत मोठा गैरसमज, ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं. "बघा, खातोय की! म्हणजे दुखत नाहीये." उंदीर हा कुणाचं तरी भक्ष्य असलेला प्राणी आहे. दुखणं लपवणं त्याच्या हाडीमाशी भिनलेलं आहे. तो कण्हत नाही, समोर धरलेला शेंगदाणा घेतोही, आणि तरीही त्याला वेदना होत असतात. त्या ओळखायच्या तर चेहरा पाहायला शिकावं लागतं. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये उंदरांच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टी मांडली. तिच्यात पाहतात ते एवढंच: डोळे किलकिले झालेत का, नाक आणि गालाचा फुगीरपणा जाऊन चेहरा सपाट दिसतोय का, कान मुडपून बाजूला वळलेत का, मिशा ताठरल्यात का. यासाठी कसलंही यंत्र लागत नाही. बरा असतानाचा एक फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावा आणि शस्त्रक्रियेनंतर जागेपणी शेजारी धरून ताडून पाहावं. पाहण्याची वेळही महत्त्वाची. उंदीर निशाचर, दुपारी तो झोपलेलाच असणार. संध्याकाळी दिवे लागल्यावर तो उठतो का, अंग चाटून स्वच्छ करतो का, हे बघावं. आणि रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करावं. तीनशे ग्रॅमच्या मादीचं तीस ग्रॅम वजन घटणं म्हणजे अंगाचा दहावा हिस्सा जाणं.

वेदनाशामक देताना हात आखडणं हीही मोठी चूक. "एवढ्याशा जिवाला औषध कशाला, झेपायचं नाही" असं वाटतं. प्रत्यक्षात उंदराचं शरीर औषधं वेगाने संपवतं, त्यामुळे मेलॉक्सिकॅमसारख्या औषधाची दर किलोमागची मात्रा कुत्र्याच्या मात्रेपेक्षा बरीच जास्त असू शकते. मूत्रपिंडं थकलेली असतील तर हाच हिशेब बदलतो. म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची, घरातली पॅरासिटामॉलची गोळी चुरून द्यायची नाही, आणि उंदीर टवटवीत दिसतो म्हणून दिलेला कोर्स मधेच सोडायचा नाही.

डोळ्यांभोवती, नाकाशी लाल ओघळ दिसला की लोक घाबरतात, रक्त आलं म्हणून. ते बहुतेक वेळा रक्त नसतं. डोळ्यामागच्या हार्डेरियन ग्रंथीतून पाझरणारं पॉर्फिरिन नावाचं लालसर द्रव्य असतं ते. शंका असेल तर ओल्या कापसाने टिपून तो कापूस नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरावा. पॉर्फिरिन गुलाबी-केशरी चमकतं, रक्त चमकत नाही. दिवा उंदराच्या डोळ्यांवर मात्र मारू नये. आणि रक्त नाही म्हणून निर्धास्तही होऊ नये. निरोगी उंदीर हे द्रव्य पुढच्या पंजांनी पुसून टाकतो. ते साचून राहिलं, म्हणजे तो स्वतःची स्वच्छता करेनासा झालाय: दुखतंय, ताण आहे किंवा छाती भरतेय.

जखमेला हळद लावायचा मोह आपल्याकडे कुणाला आवरत नाही. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, टाक्यांत अडकते आणि तिच्या पिवळेपणात खालची लाली दिसेनाशी होते. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी भरून येणारी नाजूक कातडी जळते. शिवाय उंदीर लावलेलं सगळं चाटून पोटात घेतो. बाहेरची जखम धुवायची झाली तर सलाइनने, आणि टाके कोरडेच ठेवायचे. काही दिवसांनी टाक्यांखाली मऊ, थंड फुगवटा आला तर बहुधा पाणी साठलेलं असतं. तो गरम आणि लाल झाला, वास आला किंवा टाके उसवले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. टाके कुरतडू नयेत म्हणून कुत्र्यासारखी गळपट्टी घालणं उंदराला सहसा सोसत नाही, तो खाणंच सोडतो. कातडीच्या आत बुजवलेले, विरघळणारे टाके घालता येतील का, हे शस्त्रक्रियेआधीच विचारावं.

जोडीदाराचं काय? तो टाके चाटतो, ओढतो, म्हणून सुरुवातीला वेगळा पिंजरा हवाच. पण "आराम मिळू दे" म्हणून आठवडाभर दुसऱ्या खोलीत एकटं ठेवलं तर हा कळपातला प्राणी खंगतो. दोन्ही पिंजरे शेजारी ठेवावेत, आवाज आणि वास पोचू द्यावा.

खाण्यात मऊ भात-मूगडाळीची बिनमिठाची खिचडी, पाण्यात भिजवलेल्या त्याच्या खाद्याच्या गोळ्या, थोडं उकडलेलं अंडं चालतं. सिरिंजने भरवायचं तर ओठाच्या कडेने, थेंब थेंब, तो स्वतः गिळेल तसं. घशात पिचकारी मारली तर ते फुफ्फुसात जातं. अंथरायला लाकडाचा भुसा नको. देवदार-चीडचा उग्र वास आणि मुतात तयार होणारा अमोनिया थकलेल्या छातीला त्रास देतात. टर्किश टॉवेलच्या फाशांत नखं अडकतात. घट्ट विणीचं जुनं सुती कापड किंवा फ्लीस रोज बदलावं.

म्हाताऱ्या उंदराचे मागचे पाय लटपटू लागले की पडल्याने मार बसला असंच वाटतं. वयानुसार मज्जातंतू झिजूनही हे हळूहळू होतं, आणि त्यात वेदना असेलच असं नाही. अचानक झालं असेल तर मार तपासून घ्यावा. हळूहळू होत आलं असेल तर वरचे मजले काढावेत, पाण्याची बाटली खाली लावावी, भांडं उथळ ठेवावं. मागचं अंग त्याला चाटता येत नाही, म्हणून रोज कोमट पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून नीट कोरडं करावं, नाहीतर मुतामुळे पोटाखालची कातडी लाल होऊन सोलवटते.